लाल दिवा लागला म्हणून चार्जरला शिव्या घालू नका

इलेक्ट्रिक गाडी चालू होत नाही, चार्ज होत नाही, असे प्रश्न शिमग्यानंतर वाढतात आणि गणपतीत त्यांचा पूर येतो. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत प्रश्न तेच, आणि कोणीतरी छातीठोकपणे दिलेले चुकीचे सल्लेही तेच. म्हणून काहींना एकत्रच उत्तरं देतो. गाडी न बघता दिलेली ही उत्तरं आहेत, हे लक्षात असू द्या. तुमच्या गाडीचं मॅन्युअल वेगळं सांगत असेल तर मॅन्युअलचं ऐका.

दापोली: स्क्रीन लागते, पण गाडी ‘डी’मध्ये जात नाही. रात्री चार्जिंगला लावली होती. मोटर गेली का?

चार्जिंगची गन अजून गाडीतच आहे का बघा, असेल तर काढा. ती लागलेली असताना गाडी हलू नये, अशीच रचना असते. गन काढून, ब्रेक पूर्ण दाबूनही तेच झालं तर सर्व्हिस सेंटरला फोन करा.

देवगड: आमचं घर कातळावर आहे. गाडीसोबत आलेला चार्जर पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत व्यवस्थित चालतो, होळीनंतर त्यावर लाल दिवा येतो. वायरमन म्हणतो, फ्रीज-पंखे चालतायत म्हणजे लाईन ठीक आहे, चार्जरच खराब. शेजाऱ्यांनी ऑनलाइन मिळणारा एक छोटा प्लग सुचवला आहे. तो मध्ये लावला की लाल दिवा जातो म्हणे. घ्यावा का?

घेऊ नका. घेतला असेल तर आजच काढून फेका, दुसऱ्या कोणाला देऊही नका.

फ्रीज आणि पंखे अर्थिंगशिवाय (गळालेला करंट जमिनीत नेणाऱ्या जोडणीशिवाय) चालतात, त्यामुळे घरात अर्थिंग नाही हे वर्षानुवर्षं कोणाला कळतच नाही. गाडीचा चार्जर मात्र करंट सोडण्याआधी अर्थ मिळतोय का ते तपासतो आणि नसेल तर थांबतो. तुमच्या घरातलं खरं बोलणारं ते पहिलं यंत्र आहे, आणि तुम्ही त्याचंच तोंड बंद करायला निघालात.

पावसाळ्यात चालतं आणि होळीनंतर नाही, यातच निदान आलं. जांभ्यावर माती मुळात वीतभर, आणि पाऊस सरला की तीही ठणठणीत कोरडी. ओल गेली की जमिनीचा विजेला होणारा रोध वाढतो आणि अर्थ मिळेनासा होतो. त्यात आपल्याकडे कातळ फोडायचा कंटाळा. चिऱ्याच्या भिंतीलगत हातभर सळई ठोकायची, तिला तार गुंडाळायची आणि बिलात ‘अर्थिंग’ लिहायचं, अशी कामं मी भरपूर बघितली आहेत.

आता तो प्लग. त्यात अर्थची पिन आतून न्यूट्रलला जोडलेली असते, कधी थेट, कधी मध्ये रेझिस्टर टाकून. चार्जरला वाटतं अर्थ मिळाला. पण गाडीच्या चार्जरमधल्या फिल्टरमधून थोडा करंट बॉडीकडे येतच असतो आणि तो जमिनीत जायला हवा. वादळात खांबावरची न्यूट्रल तार तुटली, किंवा सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले असले (जुन्या घरांत हे सर्रास सापडतं), तर त्याच पिनमधून 230 व्होल्ट गाडीच्या पत्र्यावर येतात. मध्ये रेझिस्टर असेल तर करंट कमी येईल, पण किती कमी, हे त्या डबीवर लिहिलेलं नसतं. ओल्या खळ्यात अनवाणी पायांनी दाराला हात लावणारं माणूस घरचंच असणार. आणि आरसीसीबी (करंट गळाला की लाईन तोडणारा स्विच) वाचवेल या भ्रमात राहू नका. अर्थ आणि न्यूट्रल सॉकेटपाशीच जोडले की बॉडीवर उतरलेला करंट न्यूट्रलमधूनच परत जातो. आरसीसीबीला गळती दिसत नाही, मग तो पडेल कशाला? असली वस्तू ‘ईव्ही अ‍ॅक्सेसरी’ म्हणून विकणाऱ्यांना याची कल्पना नसते असं मला वाटत नाही.

करायचं ते असं. परवानाधारक इलेक्ट्रिकल कंत्राटदाराला बोलवा आणि अर्थ टेस्टरने मोजणी करून मागा, तीही एप्रिल-मे महिन्यात. नुसत्या मल्टिमीटरवर फेज आणि अर्थमध्ये 230 दिसले म्हणून अर्थिंग चांगलं ठरत नाही, कच्च्या अर्थवरही तो आकडा दिसू शकतो. अर्थिंगचा खड्डा विहिरीजवळ, न्हाणीचं पाणी जातं तिथे किंवा माडाच्या आळ्याशेजारी घ्या, म्हणजे उन्हाळ्यातही ओल राहील. मीठ-कोळशाने काम होतं, पण मिठाने खड्ड्यात पुरलेला पाइप लवकर गंजतो. पाइपभोवती भरायचं तयार बॅकफिल कंपाउंड बरं. कातळ फारच कठीण असेल तर अंतर ठेवून दोन-तीन इलेक्ट्रोड (असे पुरलेले पाइप) एकत्र जोडावे लागतात, ते कंत्राटदार जागा बघून ठरवेल. गाडीसाठी स्वतंत्र सॉकेट, त्याला वेगळी एमसीबी (भार जास्त झाला की पडणारा स्विच) आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. वायर 4 स्क्वेअर मिमी तांब्याची घ्या. आरसीसीबीवर ‘टेस्ट’ असं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबा. शोभेसाठी दिलेलं नाही ते.

मालवण: लाईट गेल्यावर घरच्या इन्व्हर्टरवर गाडी चार्ज करता येईल का?

नाही. साधा इन्व्हर्टर तासन्‌तास तीन किलोवॅट देऊ शकत नाही.

गुहागर: संध्याकाळी सात ते दहा चार्जिंग तुटतं, पहाटे नीट होतं. दुकानदार मोठा स्टॅबिलायझर घ्यायला सांगतो.

दुकानदार तेच सांगणार. संध्याकाळी वाडीवर भार वाढतो, व्होल्टेज पडतं आणि चार्जर थांबतो. पहाटे चालतंय ना, मग चार्जिंगची वेळ रात्री अकरानंतरची लावा. बऱ्याच गाड्यांत किंवा चार्जरमध्ये करंट कमी करायची सोय असते, तीही वापरून बघा. मात्र वायरमनकडून एक गोष्ट तपासून घ्या. चार्जर सुरू होताच सॉकेटवरचं व्होल्टेज वीस-पंचवीसने खाली येत असेल, तर दोष तुमच्या घरच्या बारीक वायरचा किंवा सैल जोडणीचा असण्याची शक्यता जास्त. अशी जोडणी तापून जळते. सॉकेट गरम लागलं तर चार्जिंग तिथेच थांबवा. रस्त्यावरच व्होल्टेज कमी असेल तर महावितरणकडे लेखी तक्रार करा, आणि मंजूर भार पुरेसा आहे का तेही विचारा.

संगमेश्वर: आम्ही मुंबईत असतो. मे महिन्यात गाडी गावी 70 टक्क्यांवर ठेवून गेलो. गणपतीला आलो तर रिमोटने दारही उघडेना, चार्जर लावला तरी हालचाल नाही. लाखो रुपयांची बॅटरी गेली का?

बहुधा नाही. तुमची मोठी बॅटरी अजून सत्तरच्या आसपास असेल. मेली आहे ती लहान, 12 व्होल्टची.

इलेक्ट्रिक गाडीतही साधी 12 व्होल्टची बॅटरी असते, हे कितीतरी मालकांना माहीतच नसतं. दाराची कुलुपं, कॉम्प्युटर आणि मोठ्या बॅटरीला गाडीशी जोडणारे काँटॅक्टर हे सगळं तिच्यावर चालतं. ती उतरली की गाडी जागीच होत नाही, आणि म्हणूनच चार्जर लावून काही होत नाही. मोबाइलवरच्या अ‍ॅपमधून रोज मुंबईहून ‘गाडी कशी आहे’ बघितलं असेल किंवा डॅशकॅम चालू राहिला असेल, तर तीन महिने तिने टिकावं तरी कसं?

रिमोटच्या आत धातूची किल्ली असते, तिने दार उघडा. रोडसाइड असिस्टन्सला बोलवा, ते 12 व्होल्टला जंप (दुसऱ्या बॅटरीवरून तात्पुरती वीज) देतील. स्वतः देणार असाल तर जंपची जागा मॅन्युअलमध्ये बघूनच द्या, प्लस-मायनस उलटे झाले तर खर्च मोठा. आणि आपल्या इलेक्ट्रिक गाडीवरून दुसऱ्याच्या गाडीला जंप देऊ नका. ही 12 व्होल्टची बॅटरी तीन-चार वर्षांची असेल तर बदलूनच घ्या. पुढच्या वेळी गाडी 50-60 टक्क्यांवर ठेवा आणि दोन-तीन आठवड्यांनी कोणाला तरी चालवायला सांगा.

चिपळूण: पार्किंगमध्ये पुराचं पाणी सीटपर्यंत आलं होतं. बॅटरी ‘आयपी 67’ आहे, मग उन्हात वाळवून चालू करायला हरकत नाही ना?

हरकत आहे. चालू करू नका, चार्जिंगलाही लावू नका. आयपी 67 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, तेही प्रयोगशाळेत, नव्या कोऱ्या सीलवर. 22 जुलै 2021 ला चिपळुणात पाणी किती वेळ उभं होतं, ते तुम्हाला सांगायला नको. खाडीचं खारं पाणी आणखी वाईट. ते सुकल्यावर मीठ मागे राहतं आणि आतल्या जोडण्यांमध्ये वीज गळायला लागते. 2022 मध्ये अमेरिकेत फ्लोरिडातल्या इयन वादळानंतर खाऱ्या पाण्यात बुडालेल्या काही इलेक्ट्रिक गाड्यांनी नंतर पेट घेतला होता. गाडी घरापासून, इतर वाहनांपासून पंधरा मीटर तरी दूर, उघड्यावर ठेवा. फोटो काढा, विमा कंपनीला आणि सर्व्हिस सेंटरला त्याच दिवशी कळवा. नारिंगी (हाय व्होल्टेजच्या) वायरींना हात लावायचा नाही. धूर किंवा फुसफुस आवाज आला तर लांब व्हा आणि अग्निशमन दलाला फोन करा.

वेंगुर्ले: महिनाभर सकाळी सकाळी ‘हाय व्होल्टेज सिस्टम’ची वॉर्निंग येते, ऊन चढलं की जाते. गावातला गॅरेजवाला स्कॅनरने पुसून देतो, पण परत येते.

महिनाभर! वॉर्निंग पुसली म्हणून दोष जात नाही. सकाळच्या दमटपणात येऊन उन्हात जाते, यावरून कुठेतरी इन्सुलेशन (वीज बाहेर गळू न देणारं आवरण) ओलं होतंय असा संशय घ्यायला हवा. कारण खारी हवा लागून गंजलेला कनेक्टर असेल, उंदराने कुरतडलेली वायर असेल, किंवा खालून दगड लागून बॅटरीचं सील हललं असेल. हे गाडी उचलून, इन्सुलेशन मोजूनच कळतं. तिथे शेकडो व्होल्टचा खेळ आहे, गॅरेजवाल्याला त्यात हात घालू देऊ नका. वॉरंटीही जाईल. याच आठवड्यात सर्व्हिस सेंटरला दाखवा. एखाद्या सकाळी गाडी चालू व्हायचं नाकारेल, आणि त्यात तिचं काही चुकलेलं नसेल.

सावंतवाडी: हायवेवरच्या फास्ट चार्जरवर गन लावली, पण चार्जिंग सुरूच झालं नाही. दोष गाडीचा की चार्जरचा?

त्याच मशीनची दुसरी गन, मग दुसरं स्टेशन. दोन्हीकडे नाहीच झालं तर गाडी दाखवा. त्याआधी मशीनवरचं लाल इमर्जन्सी बटण कोणी दाबून ठेवलेलं नाही ना, बघा. असेल तर स्टेशनच्या हेल्पलाइनला सांगा. 80 टक्क्यांनंतर वेग कमी होतो, तो दोष नव्हे.

खेर्डी: कुंभार्ली घाटात गाडी बंद पडली तर टेम्पोला टोचन लावून खाली आणावी का?

नाही. चाकं फिरली की मोटरही फिरते आणि बंद गाडीतही वीज तयार करते. गाडीतला इन्व्हर्टर (मोटरला वीज पुरवणारा भाग) जळू शकतो. गाडी फ्लॅटबेडवरच न्यायची, चारही चाकं वर. वाहतुकीतून बाजूला घेण्यापुरतं न्यूट्रलमध्ये हळू ढकलणं बहुतेक गाड्यांत चालतं, मर्यादा मॅन्युअलच्या टोइंगच्या पानावर असते. 12 व्होल्टच उतरली असेल तर पार्किंग ब्रेक सुटणार नाही. फोन करतानाच तसं सांगा, म्हणजे क्रेनवाला चाकांखाली घालायच्या ट्रॉल्या सोबत आणेल.