वाचक विचारतात : नॉर्मंडीची ओहोटी

प्रश्न (देवगड) : होडी भरतीच्या पाण्यावर पुळणीला लावायची, हे आमच्याकडे पोरासोरांनाही कळतं. मग दुसऱ्या महायुद्धात ६ जून १९४४ ला दोस्त राष्ट्रांनी फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर फौजा ओहोटीला का उतरवल्या? एवढी उघडी वाळू तुडवताना माणसं मरणार हे दिसत नव्हतं?

उत्तर : दिसत होतं. शत्रू भरतीलाच येणार असा तिथला किनारा राखणाऱ्या जर्मन सेनापती रोमेलचाही हिशेब होता. म्हणून त्याने किनाऱ्याच्या त्याच पट्ट्यात सुरुंग बांधलेले खांब, पोलादी तिकाटणी आणि लोखंडी चौकटी रोवल्या होत्या. भरतीला हे सगळं बुडतं आणि होडीचा तळ फाडतं, ओहोटीला मात्र उघडं पडतं.

पण पाणी उतरत असतानाही चालत नाही, कारण टेकलेली होडी तिथेच बसते. म्हणून ओहोटी पुरी होऊन पाणी फिरल्यावर तासाभराने उतरायचं ठरलं. माणसं उतरेपर्यंत चढतं पाणी होडी मोकळी करतं. मोठ्या होड्या येतानाच मागून नांगर टाकत आणि निघताना त्याच्यावर स्वतःला ओढून घेत.

देवगडला उधाणातही भरती-ओहोटीचा फरक दोन-अडीच मीटर असतो, तिथे सहा मीटरच्या वर. म्हणजे तासाला मीटरभर तरी पाणी चढणार आणि अडथळे उडवणाऱ्या पथकांच्या हाती जेमतेम अर्धा तास. अमेरिकनांच्या वाट्याच्या ‘ओमाहा’ किनाऱ्यावर (हे सांकेतिक नाव) अडथळ्यांतून १६ वाटा करायच्या होत्या, त्यातल्या मोजक्याच झाल्या. कॅनेडियनांच्या वाट्याच्या ‘जुनो’ किनाऱ्यासमोर खडप असल्याने त्यावर पाणी येईपर्यंत थांबावं लागलं, त्यात आणखी उशीर झाला आणि अडथळे अर्धेअधिक बुडाले. बऱ्याच होड्या तिथे फुटल्या.

तारखेचं कोडं याहून अवघड. छत्रीधारी सैनिकांना रात्री चांदणं हवं आणि उजाडता उजाडता ओहोटी हवी. दोन्ही जमत होतं ते फक्त ५, ६ आणि ७ जूनला. (६ जूनला ज्येष्ठ पौर्णिमा होती, म्हणजे आपली वटपौर्णिमा. तेव्हा आपल्या होड्या केव्हाच वर ओढून शाकारलेल्या असतात!) आपण तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतो, पण ते गणित इथल्या किनाऱ्यापुरतं. इंग्लिश खाडीच्या उथळ पाण्यात भरती वेडीवाकडी चढते. तिथला हिशेब लिव्हरपूलजवळ भरती-ओहोटीचे तज्ज्ञ आर्थर डूडसन यांनी चाकं आणि कप्प्यांच्या यंत्रावर केला. त्यांना आलेल्या पत्रात जागेचं नावही नव्हतं, नुसतं ‘झेड’ होतं. ५ तारीख वादळाने गेली. हवामानतज्ज्ञ स्टॅग यांनी ६ तारखेला थोडी उघडीप मिळेल असं सांगितलं आणि दोस्तांचे सरसेनापती आयझेनहॉवर यांनी हुकूम दिला.

प्रश्न (हर्णै) : पुळणीवर नेलेली पर्यटकांची गाडी दर सुट्टीत रुतलेली बघतो. मग रणगाडे कसे चालले?

उत्तर : वाळू आधी तपासली होती म्हणून. १९४३ च्या अखेरच्या रात्री दोन ब्रिटिश सैनिक पोहत किनाऱ्याला लागले आणि गिरमिटाने वाळूचे नमुने घेऊन परतले. काही ठिकाणी वरच्या वाळूखाली मऊ, कुजकट थर होता. तेवढ्या भागासाठी पुढे मोठं रीळ बसवलेले रणगाडे केले. रिळावरचं दहा फूट रुंद, पोलादी दांड्या घातलेलं कापड उलगडत जायचं आणि त्यावरून मागची वाहनं.

फसलं ते दुसरंच. कापडी पडदा लावून तरंगणारे रणगाडे शांत पाण्यासाठी होते. ओमाहासमोर एका तुकडीचे २९ रणगाडे किनाऱ्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर, लाटा उसळत असताना पाण्यात सोडले. २७ बुडाले. शेजारच्या तुकडीच्या अधिकाऱ्यांनी लाटा पाहून आपले रणगाडे होडीतूनच थेट वाळूवर नेले आणि ते लढाईला उपयोगी पडले.

प्रश्न (रत्नागिरी) : बंदर नसताना एवढ्या फौजेची रसद कशी पोचली?

उत्तर : आमच्या मते मोहिमेचा खरा कस इथे होता. पहिल्या दिवशी हवेतून आणि समुद्रातून मिळून सुमारे १,५६,००० माणसं उतरली, पण उतरणं एक दिवसाचं, टिकणं महिन्यांचं. ऑगस्ट १९४२ मध्ये दोस्तांनी फ्रान्सच्या दिएप्प बंदरावर समोरून घातलेला छापा सपशेल आपटला होता. म्हणून या वेळी बंदरच सोबत नेलं : जुनी जहाजं बुडवून केलेला बांध, त्यापुढे इंग्लंडात ओतलेल्या काँक्रीटच्या पेट्या (मोठ्यातल्या मोठ्या ६,००० टनांच्या) आणि तरंगते धक्के. अशी दोन बंदरं झाली. १९ जूनला सुरू झालेल्या वादळाने अमेरिकनांचं मोडलं, आरोमांशचं ब्रिटिश बंदर तगलं.

मग अमेरिकनांनी मोठी जहाजं सरळ पुळणीवर चढवली. ओहोटीला जहाज कोरड्या वाळूत बसतं, नाळेची दारं उघडून ट्रक बाहेर पडतात, पुढच्या भरतीला जहाज तरंगून निघतं. जहाजाचा कणा मोडेल ही भीती होती, पण अपेक्षेपेक्षा जास्त माल असाच उतरला. जूनअखेर साडेआठ लाखांच्या आसपास सैनिक पलीकडे पोचले होते.

जर्मनांची कुमक मात्र वेळेवर आली नाही. रेल्वे आणि सीन नदीवरचे पूल विमानांनी आधीच तोडले होते. शिवाय खरा हल्ला इंग्लंडला सर्वांत जवळ असलेल्या फ्रान्सच्या कॅले बंदराकडेच होणार, हा समज दोस्तांच्या हेरांनी आणि लटक्या सैन्यतळांनी इतका पक्का केला होता की तिथली फौज कित्येक आठवडे जागची हलली नाही.

प्रश्न (माणगाव) : जर्मनीला तर रशियानेच मोडलं. मग नॉर्मंडीचं एवढं काय? आणि आपले मराठे तिथे होते का?

उत्तर : जर्मन सैन्याची सर्वांत मोठी हानी पूर्वेला झाली, हे खरंच. पण २२ जूनला रशियाने बेलारूसमध्ये मोठा हल्ला चढवला, तेव्हा जर्मनीला पश्चिमेकडून तिकडे फौज वळवता येईना. २५ ऑगस्टला पॅरिस मुक्त झालं. लंडनवर उडती बाँबयानं सोडण्याचे फ्रान्समधले तळही सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत हातचे गेले.

मराठा पलटणी तेव्हा नॉर्मंडीत नव्हे, इटलीत लढत होत्या. तुमच्याच तालुक्यातल्या पळसगावचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला तिथे टायबर नदीच्या खोऱ्यात पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.