पद सोडण्याआधीचे शिसानो

प्रश्न : मोझांबिकचे माजी राष्ट्राध्यक्ष जोआकिम शिसानो यांना २००७ मध्ये आफ्रिकी नेत्यांना चांगल्या कारभारासाठी दिला जाणारा पहिला मो इब्राहिम पुरस्कार मिळाला, तो पदावरून स्वेच्छेने पायउतार झाल्याबद्दल, असे वाचनात आले. एवढ्या कारणासाठी असा सन्मान योग्य ठरतो का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : पायउतार होणे हे त्या सन्मानाचे एक कारण होते, आमच्या मते शिसानो यांचे मोठे काम त्याआधीचे आहे. १९३९ साली गाझा प्रांतात जन्मलेले शिसानो वैद्यकीय शिक्षणासाठी पोर्तुगालला गेले, पण ते अर्धवट सोडून १९६१ मध्ये फ्रान्सला निघून गेले आणि पुढच्याच वर्षी आजच्या टांझानियातील दार एस सलाम येथे स्थापन झालेल्या फ्रेलिमो या पोर्तुगीज राजवटीविरुद्धच्या मुक्ती आघाडीच्या उभारणीत सामील झाले. पोर्तुगालने स्वातंत्र्य मान्य केलेल्या १९७४ च्या लुसाका करारानंतर ते हंगामी सरकारचे पंतप्रधान झाले आणि स्वातंत्र्यानंतर अकरा वर्षे परराष्ट्रमंत्री होते.

ऑक्टोबर १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष सामोरा माशेल विमान अपघातात मृत्युमुखी पडले (त्याच विमानात गोव्यात जन्मलेले त्यांचे सल्लागार आकिनो द ब्रागांसा हेही होते) आणि शिसानो यांच्या हाती यादवीने पोळलेला देश आला. आधी ऱ्होडेशियाने उभ्या केलेल्या आणि नंतर दक्षिण आफ्रिकेने पोसलेल्या रेनामो या बंडखोर संघटनेशी चाललेल्या या युद्धात, उपासमारीचे बळी धरून, सुमारे दहा लाख माणसे दगावली. ज्यांना सरकार वर्षानुवर्षे ‘सशस्त्र डाकू’ म्हणत आले, त्यांच्याशीच बोलणी करण्याचा निर्णय स्वपक्षाच्या गळी उतरवणे सोपे नव्हते. तरीही १९८९ मध्ये पक्षाने मार्क्सवाद-लेनिनवादाची अधिकृत भूमिका सोडली, १९९० च्या राज्यघटनेने बहुपक्षीय निवडणुकांचा मार्ग खुला केला आणि रोममधील प्रदीर्घ वाटाघाटींनंतर ४ ऑक्टोबर १९९२ रोजी शिसानो व रेनामोचे नेते अफोन्सो ध्लाकामा यांनी शांतता करारावर सह्या केल्या. १९९४ च्या निवडणुकीत रेनामोला २५० पैकी ११२ जागा मिळाल्या, म्हणजे कालचे बंडखोर संसदेत बसले. त्याच सुमारास अंगोलात १९९२ ची निवडणूक हरलेले बंडखोर नेते साविम्बी यांनी पुन्हा शस्त्रे उचलली आणि तेथील युद्ध २००२ पर्यंत चालले, हे ध्यानात घेतले म्हणजे या ११२ जागांचे महत्त्व कळते.

त्यांची कारकीर्द निष्कलंक होती असे मात्र म्हणता येणार नाही. १९९९ च्या निसटत्या विजयावर रेनामोने गैरप्रकाराचा आरोप केला. बँक घोटाळ्याचा छडा लावू पाहणारे पत्रकार कार्लोस कार्दोसो यांची २००० मध्ये राजधानीत भर रस्त्यात हत्या झाली आणि भ्रष्टाचाराच्या तक्रारी शेवटपर्यंत राहिल्या. राज्यघटनेची आडकाठी नसतानाही शिसानो २००४ च्या निवडणुकीला उभे राहिले नाहीत, परंतु सत्ता गेली ती त्यांच्याच पक्षाच्या आर्मांदो गेबुझा यांच्याकडे. म्हणून पायउताराचे श्रेय मर्यादित मानावे आणि सन्मान १९९२ च्या करारासाठी योग्य मानावा, असे आमचे मत आहे. निवड समितीनेही शांतता, सलोखा आणि लोकशाहीसाठी त्यांनी केलेल्या कामाचाच गौरव केला होता.