बॅटरी कारखान्यात काम करतो. रक्तातले अँटिऑक्सिडंट कमी होतात असं वाचलं. कोणत्या गोळ्या घ्याव्यात?

कमी होतात, हे खरं आहे. बॅटरीतलं शिसं ग्लुटाथायोन या शरीरातल्याच अँटिऑक्सिडंटला चिकटून बसतं, एसओडी आणि कॅटालेज या पेशींना वाचवणाऱ्या एन्झाइमांना नीट काम करू देत नाही. वर हिमोग्लोबिन तयार करणारं अलाड हे एन्झाइम बंद पाडतं, आणि त्यामुळे रक्तात जे साचतं तेही पेशींना इजा करतं. पश्चिम महाराष्ट्रातल्या बॅटरी आणि चांदी कामगारांवरही असे अभ्यास झालेत, त्यांतही हेच दिसलं.

पण 'कोणत्या गोळ्या' हे वाचून तिडीक उठली. तुमच्यावर नाही, कामगाराला असा विचार करायला शिकवणाऱ्यांवर.

माझा थोरला भाऊ एमआयडीसीतल्या एका लहान बॅटरी कारखान्यात प्लेटा घासायच्या खात्यात होता. एक्झॉस्ट पंख्याचा पट्टा तुटलेला, कुणी हात लावेना. संध्याकाळी घरी आला की कॉलर आणि भुवया राखाडी. शिफ्टला आत जाताना मात्र प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा न चुकता पडायचा. सुपरवायझर म्हणायचे, "गूळ खा, शिसं पोटातून निघून जातं."

मग दादाचं पोट दुखायला लागलं. मुरडा असा की गुडघे छातीशी घेऊन पडून राहायचा, चार-चार दिवस शौचाला नाही. कुणी अ‍ॅसिडिटी म्हणालं, कुणी अपेंडिक्स. शेवटी मिरजेला एका वयस्क डॉक्टरांनी त्याचा ओठ खाली ओढला. दातांच्या मुळाशी हिरडीवर निळसर काळी रेघ होती. "काम काय करता?" हे तोवर एकाही डॉक्टरने विचारलं नव्हतं. रक्तातलं शिसं डेसिलिटरमागे 70 मायक्रोग्रॅमच्या वर निघालं, हिमोग्लोबिन 8.

मी रिपोर्ट घेऊन गेटवर गेलो. सुपरवायझर म्हणाले, "बाकीच्यांना का होत नाही मग?" अहो, बाकीच्यांचं रक्त तपासलं होतं कुठे! श्वासातली धूळ जाते फुप्फुसात आणि गूळ जातो पोटात, दोघांची गाठ पडणार कुठे? तो पट्टा बदलायला जो खर्च आला असता, त्याहून जास्त पैसे गुळावर गेले असतील.

तेव्हा अँटिऑक्सिडंटची तपासणी राहू द्या. तो आकडा तंबाखूने, जेवणानेही बदलतो, आणि तो दाखवून मालकाला कायद्याने धरता येत नाही. 'ब्लड लेड', म्हणजे रक्तातल्या शिशाची तपासणी मागा. नमुना सबंध रक्ताचा हवा, सीरमचा, म्हणजे पेशी वेगळ्या काढलेल्या पाण्याचा नको, कारण शिसं जवळजवळ सगळं तांबड्या पेशींत असतं. सुई टोचण्याआधी दंड साबणाने धुवा, नाहीतर कातडीवरची धूळ मोजली जाईल. अमेरिकेत 1978 च्या नियमाने 60 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर आलं की माणसाला त्या कामावरून हलवतात, पगार न कापता, आणि 40 च्या खाली आल्याशिवाय परत घेत नाहीत. आपल्याकडे 1948 च्या कारखाने कायद्यात सरकारला कळवायच्या आजारांच्या यादीत शिशाची विषबाधा पहिल्या क्रमांकावर होती, आणि नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी आलेल्या 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही ती यादीत आहे. कळवणं मालकाचं काम आणि डॉक्टरांचंही. रिपोर्टची प्रत स्वतःकडे ठेवा.

क आणि ई जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी कागदावरचा आकडा सुधारेलही कदाचित, हवा तीच राहील. कुणी दूध प्या म्हणालं तर ते मात्र अगदीच फुकट जातं असं नाही. कॅल्शियम आणि लोह पुरेसं असेल तर हातातोंडावाटे पोटात गेलेलं शिसं कमी शोषलं जातं, रिकाम्या पोटी जास्त. म्हणून जेवून कामाला जा, डबा खात्यात उघडू नका, कपडे कारखान्यातच बदला. घरात लहान मूल असेल तर हे आधी करा.

आणि शिसं बाहेर काढायची औषधं काम चालू असताना कुणी 'आधीच घेऊन ठेवा' म्हणालं तर घेऊ नका. ती फक्त डॉक्टरांच्या देखरेखीखाली, धुळीपासून दूर झाल्यावर. दूर झालात की रक्तातलं शिसं साधारण महिनाभरात निम्म्यावर येतं, हाडांतलं मात्र वर्षानुवर्षं झिरपत राहतं. दादाने ते खातं सोडलं, तरी दर सहा महिन्यांनी तपासतो.