दवाखान्यात पहिली दोन वर्षं

अगं, पशुवैद्यकाची साडेपाच वर्षांची पदवी झाली, पशुवैद्यक परिषदेची नोंदणीही झाली, तरी लगेच स्वतःचा दवाखाना थाटू नकोस. आधी अशा ठिकाणी काम कर जिथे एखादा डॉक्टर शस्त्रक्रियेत एम.व्ही.एस्सी. (पशुवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) केलेला आणि एखादा खेड्यात गाईम्हशींत राबून आलेला असेल. या खेड्यातून आलेल्याचा हात फार शांत असतो. बिथरलेली मांजर टॉवेलात कशी गुंडाळायची, पुढच्या पायाची शीर कशी शोधायची, हे त्याच्याकडून शीक. पावसाळ्यात मुंबईत लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप, डोकं वर काढतो. गोचीडताप तर असतोच. तेव्हा कुत्र्याचा ओठ उचलून हिरड्या बघ, पांढुरक्या की पिवळट. रक्ताचा रिपोर्ट नंतर येईल. परळच्या आपल्या १८८६ सालच्या पशुवैद्यकीय कॉलेजात पुढे शिकायचं असेल, तर विषय या दोन वर्षांनंतरच निवड.