बरं वाटलं की राबायचं, मग दोन दिवस आडवं: जुन्या कंबरदुखीत असं का होतं?

तुमच्या आईची कंबर सहा महिने दुखतेय, एखादा दिवस बरा जातो आणि पुढचे दोन दिवस ती उठत नाही, असं तुम्ही लिहिलंय. आमच्या वेंगुर्ल्याच्या घरी हेच चालायचं. पाऊस यायच्या आत आमसुलं वाळायला हवीत म्हणून आई एका बैठकीत टोपलीभर रातांबे फोडायची. मग दोन दिवस पडवीत आडवी.

३ महिन्यांहून जुनं दुखणं म्हणजे दर वेळी नवी इजा नव्हे. बऱ्याचदा मज्जासंस्थाच जास्त संवेदनशील झालेली असते. म्हणून काम दुखायला लागल्यावर नव्हे, तर घड्याळ बघून थांबवायचं. आई आता २० मिनिटं फोडते, उठून खळ्यात दोन फेऱ्या मारते, पुन्हा बसते. बऱ्या दिवशीही तेवढंच (हेच तिला सगळ्यात जड गेलं!). वाईट दिवशी थोडं तरी चालणं. झोपायची-उठायची वेळ ठरलेली, कारण झोप मोडली की दुसऱ्या दिवशी ठणका वाढतो.

सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकत असेल तर वाताची तपासणी करून घ्या. पाय बधिर होत असतील किंवा लघवीवर ताबा राहत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.