इथेनॉलमिश्रित पेट्रोल वापरण्यापूर्वी
इथेनॉलमिश्रित पेट्रोलने इंजिन लगेच निकामी होते, ही भीती मनातून काढून टाका. मात्र आपली गाडी किती टक्के मिश्रणासाठी बनवली आहे, हे गाडीच्या माहितीपुस्तिकेत पाहिल्याशिवाय निश्चिंतही राहू नका. इथेनॉलचा ऑक्टेन अंक, म्हणजे अवेळी पेट न घेण्याच्या क्षमतेचे माप, जास्त असल्यामुळे इंजिनचे नॉकिंग (इंधन अवेळी पेटल्याने होणारी खडखड) कमी होते, हा त्याचा खरा गुण. परंतु एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच ऊर्जा असते, म्हणून २० टक्के मिश्रणावर ॲव्हरेज थोडे घसरणारच. त्याचा दोष मेकॅनिकला देऊ नये.

अधिक जपावे लागते ते जुन्या कार्बोरेटरच्या (इंजिनसाठी हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) आणि महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाड्यांना. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते, आणि पाण्याचे प्रमाण मर्यादेपलीकडे गेले की ते इथेनॉलसह पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते. इंधन बहुधा तेथूनच ओढले जात असल्याने गाडी सुरू होण्यास कुरकुर करते आणि टाकीचा पत्रा आतून गंजू लागतो. अशी गाडी दीर्घकाळ ठेवण्यापूर्वी कार्बोरेटरमधील पेट्रोल काढून टाका. रबरी नळ्या फुगलेल्या, चिकट किंवा भेगाळलेल्या दिसल्या, तर पेट्रोलचा वास येण्याची वाट न पाहता इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या बसवून घ्या.