वाचकांचे प्रश्न : बर्फाच्या गावी ताडकुळातले झाड

प्रश्न : माझी मुलगी व जावई जर्मनीत म्युनिक येथे राहतात. यंदा त्यांनी बाग असलेले घर घेतले असून, आपल्याकडच्यासारखी शिंदी किंवा नारळ दारात असावा, असा मुलीचा हट्ट आहे. येथून रोप नेल्यास ते बर्फात जगेल का? नसल्यास दुसरे कोणते झाड लावावे आणि हिवाळ्यात त्याची काळजी कशी घ्यावी?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : नारळाचा विचार सोडून द्यावा, तेथील पहिल्याच कडक थंडीत तो मरेल. आपल्या ओढ्याकाठची शिंदी त्या मानाने काटक खरी, परंतु तिचा काटकपणा ऊन सोसण्याचा आहे, आणि म्युनिकमध्ये काही रात्री पारा उणे १० अंशांच्याही खाली उतरतो. शिवाय युरोपीय संघात रोप न्यायचे तर ते रोग-किडींपासून मुक्त असल्याचे अधिकृत प्रमाणपत्र लागते.

आपल्या मुलीने तेथील रोपवाटिकेतच ‘ट्रॅकीकार्पस फॉर्च्युनाय’ मागावे. जर्मन लोक त्याला ‘हान्फपाल्मे’ म्हणतात. पंख्यासारख्या पानांचे, खोडावर काथ्यासारखे तंतू असलेले हे झाड मूळचे चीनकडचे असून, रॉबर्ट फॉर्च्युन या स्कॉटिश वनस्पतिसंग्राहकाने १८४९ मध्ये तेथून त्याची रोपे इंग्लंडला पाठवली. जमिनीत मुरलेले मोठे झाड थोड्या काळापुरती उणे १५ अंशांच्या आसपासची थंडी सोसते, कोवळे रोप मात्र नाही. म्हणून पहिले दोन-तीन हिवाळे ते कुंडीत, न तापवलेल्या पण उजेडाच्या खोलीत काढावेत आणि नंतर मे महिन्यात दक्षिणेकडच्या भिंतीच्या आडोशाला, पाणी साचणार नाही अशा जागी लावावे, म्हणजे थंडीपूर्वी मुळांना पूर्ण उन्हाळा मिळतो. याच झाडाचे एक भावंड, ट्रॅकीकार्पस टाकिल, आपल्या कुमाऊँमध्ये सुमारे २००० मीटर व त्याहून अधिक उंचीवर वाढते, हेही मुलीला सांगण्यासारखे आहे.

काळजीचा मुख्य मुद्दा शेंड्याचा आहे. कडुनिंब वरून जळाला तरी बुंध्यातून फुटतो. या झाडाला मात्र वाढीचा एकच कोंब असतो आणि तो मेला की झाड संपले. पाने करपली तर फारसे बिघडत नाही, कारण गाभा शाबूत असेल तर नवी पाने येतात. माझ्या मते नुसत्या कोरड्या थंडीपेक्षा गाभ्यात साचणारे पाणी अधिक घातक आहे: ते गोठते, वितळते, पुन्हा गोठते आणि अखेरीस गाभा कुजतो. त्यामुळे कडाक्याची थंडी येण्यापूर्वी पाने वर गोळा करून सैल बांधावीत, बुंध्याभोवती पेंढ्याचा जाड थर द्यावा (आपण उसाचे पाचट पसरतो तसाच) आणि शेंड्यावर पाऊस-बर्फ अडवणारे छप्पर करावे. गुंडाळायला हवा खेळणारे बागेचे कापडच घ्यावे. प्लास्टिक लपेटल्यास आत दमटपणा कोंडतो. तापमान शून्याच्या वर राहील अशा दिवसांत आच्छादन उघडून ठेवावे. काही जण झाडाभोवती दिव्यांची माळ गुंडाळतात, पण एलईडी माळेने शोभेपलीकडे फारसे काही साधत नाही. ऊब मिळते ती जुन्या पद्धतीच्या दिव्यांची, आणि तेही बाहेर वापरण्याजोगे असतील तरच लावावेत.

झाड फुलू लागले की फुलोरे कापून टाकावेत. स्वित्झर्लंडच्या तिचिनो भागात या झाडाची रोपे रानात इतकी माजली आहेत की सप्टेंबर २०२४ पासून त्या देशात त्याच्या विक्रीवर बंदी आहे.

हिवाळा सरल्यावर मधले न उमललेले पान हलकेच ओढून पाहावे. ते हातात आले, तर गाभा कुजू लागला आहे असे समजून सडका भाग काढावा, आत तांबेयुक्त बुरशीनाशक सोडावे आणि शेंडा कोरडा ठेवावा. मात्र झाड लगेच उपटू नये, कारण गाभ्याचा तळ जिवंत असेल तर उन्हाळ्यात नवा कोंब वर येऊ शकतो. ऑगस्टअखेरपर्यंत वाट पाहावी.